अर्ध्या शक्तीचे माप

नदी हातांनी तरून जाऊ नये, असा एक नियम मनुस्मृतीत स्नातकाच्या आचारधर्मात सांगितला आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायातही तो जवळपास त्याच शब्दांत येतो. तिथे त्याचे शेजारी पाहण्यासारखे आहेत. पेटलेल्या आगीच्या लोळाकडे जाऊ नये, भरवसा नसलेल्या नावेत बसू नये, तशाच झाडावर चढू नये. म्हणजे पोहणे हा आपल्या वैद्यकाच्या दृष्टीने आधी एक धोका होता. व्यायाम म्हणून त्याचा विचार त्या ओळीत नाही.

व्यायामाचा विचार त्याच अध्यायात थोडा आधी आहे. गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भटा'मुळे तो पुष्कळ मराठी घरांत पोचला. बलवान माणसानेसुद्धा आपल्या अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. वृद्धांनी मात्र तो सोडावा, असे वाग्भट म्हणतो. सुश्रुत याबाबतीत अधिक उदार आहे. व्यायाम करणाऱ्यावर म्हातारपण एकाएकी झडप घालत नाही, असे त्याचे मत. पण वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून व्यायाम करावा, ही अटही त्याचीच. अर्धी शक्ती संपली हे ओळखायचे कसे, तेही तो सांगतो : छातीतला वायू तोंडाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की निम्मे बळ खर्ची पडले. टीकाकारांनी त्यात काखेत, कपाळावर, नाकावर आणि सांध्यांवर येणारा घाम व तोंडाची कोरड यांची भर घातली.

दंड-बैठका मारणाऱ्याला, कुस्तीगिराला, चालणाऱ्याला हे माप आजही चालते. पोहणाऱ्याला ते चालत नाही. पाण्यात घाम येतो, पण दिसत नाही आणि जाणवतही नाही. तोंडाने श्वास तर पहिल्या हातापासूनच घ्यावा लागतो. पाणी अंग गार ठेवते, वजन उचलून धरते आणि दमल्याची खूणही पुसून टाकते. तरुणाला त्याचे फारसे काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी अंग दुखते आणि तिसऱ्या दिवशी थांबते. पन्नाशी-साठीनंतर शरीराची उधारी इतक्या लवकर फिटत नाही. म्हणून वय झालेल्या माणसाने पाण्यात आपली अर्धी शक्ती कशी मोजायची, हा मला इतिहासाचाच प्रश्न वाटतो. आपण पोहायला शिकलो ते कोणत्या मापांनी, आणि त्या मापांत काय राहून गेले, हे त्यातून कळते.

मी छावणीत राहतो. खाम नदीच्या पूर्वेला जुने शहर, पश्चिमेला छावणी. मधल्या पट्ट्यात, नदीच्या काठाशी पाणचक्की आहे. उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून, निव्वळ उताराच्या आणि दाबाच्या हिशेबाने इथपर्यंत आणले आणि त्यावर जाते फिरवले. त्याआधी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर-ए-अंबरी बांधली होती. पाणी किती, कुठून, किती दाबाने हे या गावाला चारशे वर्षांपासून मोजता येते. पण पाण्यात उतरलेल्या माणसाचे मोजमाप इथे, आणि एकूणच मराठवाड्यात, वेगळ्या रीतीने झाले. ते विहिरीत झाले.

माझ्या पिढीपर्यंत बहुतेक मुले विहिरीत पोहायला शिकली. पाठीला भोपळा, नाहीतर वाळलेल्या लाकडाचा ओंडका, पुढे पत्र्याचा बंद डबा आणि मग ट्रकची ट्यूब. कमरेला दोर, दोराचे टोक थोरल्याच्या हातात. विहिरीची खोली परसात सांगायची : चार परस, पाच परस. शिकणे पुरे झाल्याच्या परीक्षाही ठरलेल्या. काठावरून सूर मारायचा, मुटका मारून पाणी वरपर्यंत उडवायचे, बुडी घेऊन तळाची माती मुठीत आणून दाखवायची. ही शाळा चांगलीच होती. तिने हजारो मुलांना बुडण्यापासून वाचवले. मात्र तिच्यापुढे धोका एकच होता, बुडण्याचा. झिजण्याचा धोका तिथे कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. शिकणारा आठ-दहा वर्षांचा असे, विहिरीचा घेर ओलांडायला पाच-सहा हात पुरत, आणि चाळिशीनंतर पुरुष विहिरीत उतरे तो बहुधा गाळ काढायला. बायकांना तर ही शाळा सहसा उघडीच नव्हती. १९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिका वाढत गेल्या, विहिरी आटल्या आणि शाळाही मिटली. तिथे शिकलेली शरीरे तेवढी शिल्लक आहेत. ती आता साठीत आहेत.

त्याच मुलखात छावणीने माणसाला मोजण्याची दुसरी रीत आणली. औरंगाबादची छावणी हैदराबाद कन्टिन्जन्टची. राज्य निजामाचे, अधिकारी आणि शिस्त ब्रिटिशांची. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या घोडदळात उठाव झाला आणि पुण्याहून आलेल्या फौजेने तो मोडला, हे बहुतेकांना माहीत असते. त्यानंतरच्या एका कागदी क्रांतीकडे मात्र कमी लक्ष जाते. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १८६३ मध्ये अहवाल दिला. इथल्या गोऱ्या सैन्याचे वार्षिक मृत्युमान दर हजारी ६९ होते, आणि त्यातले बहुतेक मृत्यू लढाईत झालेले नसून रोगाने झालेले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्या पुराव्यावर लिहिलेल्या टिपणांचा सूर असा की, हे मृत्यू दैवाचे नव्हेत. पाणी, निचरा, हवा आणि जागा यांचा हिशेब चुकल्याचे आहेत. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, ब्रिटिश हद्दीतल्या छावण्यांसाठी कायदा आला. शरीराची हानी आधी मोजता येते आणि मोजली तर टाळता येते, ही कल्पना आपल्याकडे सरकारी शिरस्ता झाली ती अशी छावण्यांच्या वाटेने. १९०३ मध्ये कन्टिन्जन्ट हिंदुस्थानी फौजेत विलीन झाली, पण हिशेबाची सवय मागे राहिली.

पोहण्याला हा हिशेब लागू व्हायला आणखी बराच काळ जावा लागला, कारण पोहण्याची प्रतिष्ठा उलट दिशेने वाढत होती. कॅप्टन मॅथ्यू वेब १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेला. पुढे १९५८ मध्ये मिहिर सेन यांनी ती खाडी पार केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. दोघांची वये मी सहज ताडून पाहिली. वेब २७ वर्षांचा होता, सेनही २७ वर्षांचे. पोहण्याच्या कीर्तीचे वय जणू ठरूनच गेले होते. वेबची पुढची गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. १८८३ मध्ये नायगाऱ्याच्या भोवऱ्यांत तो पोहायला उतरला आणि तिथेच संपला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. शक्ती पुरी लावणे हेच ज्याचे माप, त्याला थांबण्याची खूण कुठून मिळणार?

ही दिशा बदलणारा माणूस मराठीच होता, आणि तो फौजेतला होता. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे म्हणून नावाजले होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. पोहणे त्यांच्याकडे आले ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेटकरही त्या दिवशी २७ वर्षांचेच होते, पण त्यांचे २७ वेगळे. उरलेली शक्ती किती आणि ती कुठे लावायची, याचा हिशेब केल्याशिवाय त्यांना पाण्यात एक हातही मारता आला नसता. वेब आणि सेन यांच्याकडून धाडस घ्यावे. साठीच्या माणसाने धडा घ्यायचा तो पेटकरांकडून.

त्याच सुमारास अमेरिकेत आणखी एका लष्करी माणसाने हाच विचार वयाला लावला. रॅन्सम आर्थर हे नौदलातले डॉक्टर. प्रौढ माणसे व्यायाम सोडतात, कारण नियमित सरावाला त्यांच्यापुढे काही निमित्तच नसते. त्यांना त्यांच्या वयाची स्पर्धा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० मध्ये टेक्सासमधल्या अमरिलो गावी तशी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 'मास्टर्स' जलतरण ते हेच. १९८६ मध्ये टोकियोला त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि आज भारतातही राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा होतात. पंचविशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात, त्यामुळे ६१ वर्षांच्या माणसाला ६४ वर्षांच्या माणसाशीच झुंजावे लागते. या स्पर्धांची नियमावली वाचताना मला दोन कलमे फार शहाणी वाटली. एक, सुरुवात उंच ठोकळ्यावरून सूर मारूनच केली पाहिजे असे नाही. काठावरून किंवा पाण्यात राहून भिंतीला पाय रेटूनही ती करता येते. दुसरे, बटरफ्लाय प्रकारात पायांचा फटका जमत नसेल, तर बेडकासारखे पाय मारण्याची मुभा आहे. वयाला दिलेली सवलत अशी कलमात लिहिली गेली की ती घेणाऱ्याला कमीपणा वाटत नाही.

दुखापतीचे शास्त्रही याच दशकातले. १९७४ मध्ये केनेडी आणि हॉकिन्स या अस्थिशल्यतज्ज्ञांनी 'स्विमर्स शोल्डर' म्हणजे पोहणाऱ्याचा खांदा ही संज्ञा रूढ केली. तिचे गणित साधे आहे. २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे ४० फेऱ्या. एका फेरीला २४ हात धरले तर ९६० हात, म्हणजे प्रत्येक खांदा ४८० वेळा डोक्यावरून फिरणार. खांद्याच्या खोबणीभोवतीचे स्नायुबंध वयाबरोबर पातळ आणि कमकुवत होत जातात. दर फेरीगणिक ते हाडाच्या कमानीखाली घासू लागले, की सूज येते. विहिरीच्या पाच-सहा हातांत हा प्रश्न कधी आलाच नसता. तो तलावाच्या लांबीने आणला.

माझ्या थोरल्या भावाने त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा पोहणे सुरू केले, तीस वर्षांच्या खंडानंतर. पाणी त्याला लगेच ओळखीचे वाटले आणि तिथेच घात झाला. पहिल्याच आठवड्यात तो रोज किलोमीटरभर जाऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात उजवा हात केस विंचरायलाही वर जाईना. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. वैद्यकीय उपचारांनी खांदा सात-आठ महिन्यांत सुटला. पण तेवढ्या काळात त्याचे सकाळी उठून बाहेर पडणे थांबले, तलावावरची मंडळी तुटली, गुडघे आखडले आणि रक्तदाबाची एक गोळी वाढली. तरुण खेळाडू दुखापतीतून खेळाकडे परततो. वय झालेला माणूस पुष्कळदा परततच नाही. इजा खांद्याला होते आणि सुटतो तो सबंध दिनक्रम. या विषयाचे गांभीर्य मला तिथे समजले.

तेव्हापासून मी छावणीतल्या आणि शहरातल्या वयस्क पोहणाऱ्यांशी बोलत आलो आहे. त्यांत निवृत्त फौजी बरेच. विहिरीत शिकलेल्यांच्या काही सवयी सगळ्यांत सारख्या दिसतात. पहिली सूर मारण्याची. चार परस पाण्यात शोभणारा सूर साडेतीन फुटांच्या उथळ टोकाला मानेचा मणका मोडू शकतो. दुसरी, डोके सतत पाण्याबाहेर ठेवून पोहण्याची. विहिरीत ते गरजेचे होते. दोर धरणाऱ्याकडे पाहावे लागे. तलावात अर्धा तास तसे पोहले, की मान आणि कंबर दोन्ही धरतात. तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला साठीतही शिकता येते, आणि ते शिकल्याशिवाय लांब अंतर वाढवू नये. तिसरी, बेडूकपोहणी म्हणजे म्हाताऱ्यांची सोपी पोहणी, हा समज. तिचा जोरकस फटका गुडघ्याला आतल्या बाजूने ताणतो. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात, त्यांनी पाय लहान मारावेत किंवा उताणे पोहावे. हाताला लावायच्या प्लॅस्टिकच्या पाट्यांनी पाणी जास्त ओढले जाते, पण ते ओझे सगळे खांद्यावरच येते. आणि सर्वांत दुर्लक्षित धोका म्हणजे ओला काठ. पाण्यात कधी न बुडालेला माणूस फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडून घेतो.

हृदयाची गोष्ट थोडी निराळी. गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले, की पाण्याच्या दाबाने पायांतले आणि पोटातले सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते. निरोगी हृदय ते सहज पेलते, पण कमकुवत हृदयाला ते न मागता दिलेले काम असते. बाहेर पडताना हा दाब एकदम सुटतो आणि रक्तदाब घसरतो. शिडी चढून सरळ चालू लागणाऱ्याला भोवळ येते ती यामुळे. डिसेंबर-जानेवारीतल्या इथल्या पहाटे पाणी चांगलेच गार असते. अशा पाण्यात एकदम उडी घेतली, तर त्वचेला लागलेली थंडी हृदयाला धाव म्हणते आणि पाण्यात बुडालेला चेहरा त्यालाच थांब म्हणतो. टिप्टन आणि शॅटॉक या संशोधकांनी २०१२ मध्ये या दोन हुकमांच्या झगड्याकडे लक्ष वेधले. ठोके बिघडून होणाऱ्या काही मृत्यूंमागे तो असावा, अशी त्यांची मांडणी आहे. आपल्याकडे आधी पायांवर पाणी, मग हातांवर, मग मानेवर आणि शेवटी डोक्यावर, अशी घाटावर उतरण्याची रीत होती. तिच्यात हा झगडा आपोआप टळतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्याने डॉक्टरांना विचारून आणि सोबत घेऊनच उतरावे, हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे. घाम आणि श्वास या दोन खुणा पाण्याने हिरावून घेतल्या. तिथे दुसऱ्या कोणत्या बसवायच्या? नाडीवर फार विसंबता येत नाही, कारण पाण्यात ठोके जमिनीवरच्या मानाने साधारण दहाने कमी पडतात. छावणीतल्या एका निवृत्त सुभेदारांची रीत मला सर्वांत पटली. वय ७१. ते फेरी संपली की भिंतीला हात लावून शेजाऱ्याशी एक पुरे वाक्य बोलतात. वाक्य मध्ये तुटले, तर पुढची फेरी नाही. दुसरे, ते हात मोजतात. ताजेपणी त्यांना एका फेरीला २२ हात लागतात. दमलेला हात पाण्यातून निसटतो, म्हणून तेवढ्याच अंतराला जास्त हात लागू लागतात. आकडा २५ वर गेला, की ते उताणे होऊन काठ गाठतात. घड्याळ म्हणते अजून वीस मिनिटे आहेत. ते घड्याळाचे ऐकत नाहीत. वाढलेले हात हाच पाण्यातला घाम. सुश्रुताची खूण त्यांना ठाऊक नव्हती. मी ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आमच्या उस्तादांनी सांगितलं होतं, अर्धी गोळी नेहमी राखून ठेवायची."

याच्या जोडीला त्यांची दोन साधी पथ्ये आहेत. पाण्यात शिरण्याआधी पाच-सात मिनिटे खांदे आणि कंबर मोकळी करणे, आणि पाण्यात शिरल्यावर पहिल्या चार फेऱ्या सर्वांत हळू जाणे. स्नायू भरून आला तर चालते, सांधा दुखला तर नाही, हा भेद ते पाळतात. नव्याने येणाऱ्याला ते पहिले पंधरा दिवस पोहू देतच नाहीत. छातीइतक्या पाण्यात चालायला लावतात. तिथे पायांवर शरीराचा साधारण तिसरा हिस्साच भार येतो. गुडघे त्याला हरकत घेत नाहीत.

या चालण्याच्या रांगेत अलीकडे बायका दिसू लागल्या आहेत. पंचावन्न, साठ, क्वचित पासष्ट. विहिरीच्या शाळेत त्यांना कुणी घेतले नव्हते, त्यामुळे मोडायला जुन्या सवयी नाहीत आणि सिद्ध करायला जुनी मर्दुमकीही नाही. त्या विचारतात, थांबतात, दुखले की सांगतात. माझ्या पाहण्यात त्यांच्यात दुखापती कमी आहेत. जपानच्या मिएको नागाओका यांनी ऐंशीच्या आसपास गुडघ्याच्या उपचारासाठी पोहणे सुरू केले आणि २०१५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर पूर्ण केले. साठ फेऱ्या, उताणे, सुमारे एक तास सोळा मिनिटे. एका फेरीला सव्वा मिनिटाहून थोडे जास्त. त्या वेगाने आमच्या विहिरीतला कोणताही पोरगा त्यांना मागे टाकून गेला असता.

वाग्भटाने वृद्धांना व्यायाम सोडायला सांगितले; त्याच्या काळात ते बरोबरच असेल. आज जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतरही आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करा असे सांगते. त्यामुळे वाग्भटाचा निषेध आपण मागे ठेवू शकतो. त्याचे अर्ध्या शक्तीचे माप मात्र मागे ठेवण्यासारखे नाही. नदी हातांनी तरून जाण्याची घाई आता कुणालाच नाही. काठ दोन्ही बाजूंना दिसतो आहे आणि उद्या सकाळी पुन्हा यायचे आहे.